इंग्रजी पाटीवरचा वरचा कॉमा नेमका कुठं मारायचा?

शहापूरचा_छापखाना

नमस्कार मंडळी. आमचा बेळगावच्या शहापुरात छोटा छापखाना आहे. वडिलांनी ट्रेडलवर, म्हणजे पायानं चालवायच्या छपाई यंत्रावर, सुरू केलेला, आता फ्लेक्स, एसीपी बोर्ड, अॅक्रिलिक अक्षरं, लग्नपत्रिका सगळंच करतो. इंग्रजीतल्या त्या वरच्या कॉमानं, म्हणजे अपॉस्ट्रॉफीनं, या आठवड्यात मला पार दमवलंय म्हणून विचारालोय.

अनगोळच्या बाजूला एका ताईंनी मुलींसाठी हॉस्टेल काढलंय. पाटी अशी, वर मोठ्यात कन्नड, खाली मराठी आणि इंग्रजी शेजारी शेजारी. इंग्रजीत ‘गर्ल्स हॉस्टेल’. ताईंनी कागदावर लिहून दिलंय त्यात जी-आय-आर-एल, मग कॉमा, मग एस. आमच्या डिझाइनच्या पोरानं केलं त्यात कॉमा एसच्याही नंतर. ताईंचे मिस्टर आले ते म्हणाले कॉमा काढूनच टाका, मोठमोठ्या कॉलेजच्या गेटवर कुठं असतो. तिघांचं तीन. अॅक्रिलिक कापायला शनिवारी टाकायचंय, एकदा कापलं की परत जोडता येत नाही, आणि एका अक्षराला पैसे लागतात.

दुसरं म्हणजे गेल्या वर्षी आम्ही वडगावात एका लेडीज टेलरची पाटी केली, त्यात एल-ए-डी-आय-ई, मग कॉमा, मग एस असं झालंय. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. आता त्या रस्त्यानं जाताना रोज दिसतंय आणि मनाला लागतंय. काम आपल्या हातचं आहे. मी मराठी मीडियमचा, बी.कॉम., हे कुणी नीट शिकवल्याचं आठवत नाही. व्याकरणाचं पुस्तक नको, आपल्या भाषेत कळेल असं कुणी सांगेल काय?

निपाणीकर_भाऊ

काढून टाका की. मिस्टरांचं बरोबर आहे. मुली पाटी वाचून येणार, कॉमा मोजून नाही.

कुंदावाली

धाग्याची वाट बघत होते जणू! मला तर इट्स कधी कॉमावाला आणि कधी बिनकॉमावाला हे आजपर्यंत कळलं नाही. ऑफिसच्या मेलमध्ये दरवेळी वाक्यच बदलते म्हणजे तो शब्द टाळता येतो. कुणीतरी सांगा प्लीज.

गुरुजी_खानापूर

छापखानेवाले, प्रश्न फार चांगला विचारलात. मी खानापूर तालुक्यात मराठी शाळेत इंग्रजी शिकवलं, एकतीस वर्षं. हाच प्रश्न दरवर्षी नववीच्या वर्गात यायचा आणि पहिली काही वर्षं मीही पुस्तकातला नियम फळ्यावर लिहून मोकळा व्हायचो. पोरं पाठ करायची, पेपरात चुकायची. मग एकदा पोरांनाच मराठीत विचारलं आणि उत्तर आपल्याच भाषेत सापडलं.

‘मुलीचं वसतिगृह’ आणि ‘मुलींचं वसतिगृह’ यात फरक काय? एक टिंब. अनुस्वार नसेल तर मुलगी एक, असेल तर पुष्कळ. ‘विद्यार्थ्याचा डबा’, ‘विद्यार्थ्यांचा डबा’. हे टिंब आपण कधी विसरत नाही, कारण ते नसलं तर अर्थच बदलतो. इंग्रजीत तेच काम कॉमाची जागा करते. गर्ल’स असं एसच्या आधी असेल तर मुलगी एक. गर्ल्स’ असं एसच्या नंतर असेल तर मुली अनेक. म्हणजे ताईंनी लिहून दिलंय तसं केलं तर ते एका मुलीचं वसतिगृह होतंय. तुमच्या डिझाइनच्या पोराचं बरोबर आहे, त्याला माझ्याकडून शाबासकी सांगा.

करायचं एवढंच, आधी मालक पूर्ण लिहून काढायचा. मालक एक असेल तर एक, अनेक असतील तर अनेकवचन करून. मग त्या शब्दाच्या शेवटी कॉमा. अनेकवचनाचा एस आधीच आला असेल तर आणखी एस नको, नसेल तर एस घाला. ‘मेन’ हे आधीच अनेकवचन आहे, त्यात एस नाही, म्हणून मेन’स वेअर. चिल्ड्रन’स तसंच, विमेन’स तसंच. मुलं अनेक असली तरी तिथं कॉमा एसच्या आधीच येतो, कारण शब्द तिथंच संपतो. ‘लेडी’चं अनेकवचन एल-ए-डी-आय-ई-एस, हा पूर्ण शब्द, म्हणून कॉमा त्याच्या नंतर. तुमच्या वडगावच्या पाटीत कॉमानं शब्दाचेच दोन तुकडे केलेत. एल-ए-डी-आय-ई असा शब्द इंग्रजीत नाहीच.

आता कुंदावाली ताईंचं. आपण ‘मीचा’ म्हणतो काय? ‘तूचा’? नाही. माझा, तुझा. सर्वनामाचं षष्ठीचं रूप आधीच वेगळं तयार असतं. इंग्रजीतही ही-चं हिज, शी-चं हर्स, वी-चं अवर्स, यू-चं युअर्स. तसंच इट-चं इट्स, बिनकॉमाचं. जिथं कॉमा आहे ते ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’, तिथं कॉमा म्हणजे गळलेल्या अक्षरांच्या जागी लावलेली खूण. वाचताना ‘इट इज’ असं पूर्ण म्हणून बघा, बसलं तर कॉमा द्या, नाही बसलं तर देऊ नका.

कुंदावाली

गुरुजी!! मीचा!!! हे इतकं सोपं होतं? मी बी.ए. इंग्लिश केलंय आणि कुणी असं सांगितलं नव्हतं. आता मेलमधली वाक्यं बदलायची नाहीत.

वडगाव_ते_लंडन

मूळची वडगावची, आता बरीच वर्षं इकडं. निपाणीकर भाऊंना थोडा आधार देते, कारण खुद्द इंग्रजांच्या देशात यावर एकमत नाहीय. बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेनं २००९ मध्ये रस्त्यांच्या पाट्यांवरचे कॉमे काढायचं ठरवलं. केंब्रिजनंही काढायचं ठरवलं होतं, तिथं लोक इतके चिडले की २०१४ मध्ये निर्णय मागं घेतला. वॉटरस्टोन्स म्हणून पुस्तकांची मोठी दुकानं आहेत, त्यांनी २०१२ मध्ये आपल्या नावातला कॉमा काढला. लंडनच्या भुयारी रेल्वेत अर्ल्स कोर्ट आणि बॅरन्स कोर्ट अशी जवळजवळची स्टेशनं आहेत, एकाच्या पाटीवर कॉमा आहे, दुसऱ्याच्या नाही. लॉइड्स बँक बिनकॉमाची, लॉइड्स ऑफ लंडन ही विम्याची बाजारपेठ कॉमावाली. हॅरॉड्सला नाही, मॅक्डोनल्ड्सला आहे. मी आले तेव्हा मला वाटायचं की चुकून झालंय.

निपाणीकर_भाऊ

बघा, मी काय म्हणत होतो.

गुरुजी_खानापूर

वडगावच्या ताई, छान माहिती. यात एक फरक करायला हवा. नाव हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं. देशपांडे कुणी ‘डी-ई-एस-एच’ लिहितं, कुणी ‘डी-ई-एस-पी’, ते त्यांचं नाव, आपण दुरुस्त करायला जात नाही. दुकानाचं, स्टेशनाचं तसंच. वाक्यात लिहिताना मात्र नियम लागतो.

आणि ताईंच्या मिस्टरांवर मी अन्याय केला, ते आता सांगतो. ‘गर्ल्स हॉस्टेल’ बिनकॉमाचं हेही चूक नाही. आपल्याकडं ‘मुलींची शाळा’ असते आणि ‘कन्याशाळा’ही असते. कन्याशाळेत ‘ची’ नाही, दोन शब्द जोडून समास झाला. बिनकॉमाचं गर्ल्स हॉस्टेल हा तसाच समास समजा, गर्ल्स म्हणजे कुणाचं नव्हे तर कुठल्या प्रकारचं. पुष्कळ संस्था असंच लिहितात. खरं ही सोय मेन, विमेन, चिल्ड्रन यांना नाही, कारण ‘मेन्स’ असा बिनकॉमाचा शब्दच नाही. म्हणजे तुमच्यापुढं दोन पर्याय बरोबर, एक चूक. चूक फक्त एसच्या आधीचा कॉमा.

अथणीचा_पाव्हणा

गुरुजींचं अनुस्वाराचं वाचून मी उठून बसलो. आमच्या घरात आई मराठी, वडील कन्नड, मी दोन्हीत वाढलो, म्हणून मला एक वेगळंच दिसतंय.

मराठीत चा-ची-चे बदलतं. राजूचा डबा, राजूची गाडी, राजूचे बूट. म्हणजे प्रत्यय मालकाकडं कमी आणि वस्तूकडं जास्त बघतो. कन्नडमध्ये तसं नाही. रामन मने, रामन पुस्तक, रामन गाडी, ‘न’ तोच राहतो. इंग्रजीचा कॉमा-एस अगदी तसाच, काहीही वस्तू असू दे, बदलत नाही. शाळेत माझ्या शेजारी बसणाऱ्या कन्नड मीडियममधून आलेल्या पोरांना हे पटकन यायचं आणि आमची मराठी पोरं कुठं कुठं जास्तीचं काहीतरी लावायची, त्याचं कारण हे असेल असं आता वाटालंय.

आणि छापखानेवाले, तुमच्या पाटीवर कन्नडमध्ये काय लिहिलंय? ‘बालकियर वसति निलय’ असंच असणार. बालकिय म्हणजे मुलीचं. बालकियर म्हणजे मुलींचं. तो शेवटचा ‘र’ म्हणजे तुमचा एसच्या नंतरचा कॉमा. उत्तर पाटीच्या वरच्या ओळीत आधीपासून लिहिलेलं आहे.

शहापूरचा_छापखाना

पाव्हणं, आत्ता संगणकावर फाइल उघडून बघितली. बालकियर-च आहे! शेवटी र आहे! तीन दिवस ती ओळ माझ्यासमोर होती. मी कन्नड वाचतो, बोलतो, पण असं कधी बघितलं नव्हतं.

कुंदावाली

अंगावर काटा आला मला. एका पाटीवर टिंब, र आणि कॉमा, तिन्ही एकच सांगालेत.

टिळकवाडीची_मावशी

हॉस्टेलची फी किती आहे हो? माझी भाची जूनपासून आर.पी.डी. कॉलेजला येणार आहे, चंदगडकडून. अनगोळ जवळ पडेल. जेवण आहे काय तिथं?

कॅम्पकर

माझ्या आडनावातच कॉमा आहे, म्हणून या विषयावर मला बोलायचा हक्क आहे. आजोबा गोव्याहून बेळगावला आले, कॅम्पात राहिले. आडनाव डी, मग कॉमा, मग पुढचं. तो कॉमा म्हणजे पोर्तुगीजमधल्या ‘द’ किंवा ‘डे’तला गळलेला स्वर. म्हणजे गुरुजींनी सांगितलेला दुसरा प्रकार, गळलेल्या अक्षराची खूण. आमच्या घराण्याची ती ओळख आहे.

आणि त्याच कॉमापायी काय काय सोसलंय. एका बँकेच्या फॉर्ममध्ये ‘स्पेशल कॅरेक्टर चालत नाही’, म्हणून काढला. एका ओळखपत्रावर कॉमाच्या जागी मोकळी जागा आली. दहावीच्या सर्टिफिकेटवर कॉमा आहे. मग मुलीच्या पासपोर्टच्या वेळी तीन कागदांवर वडिलांची तीन आडनावं. नोटरीकडून प्रतिज्ञापत्र करून घेतलं की ही तिन्ही नावं एकाच माणसाची आहेत. त्या दिवशी ऑफिसात बसलो होतो आणि समोरचा क्लार्क म्हणाला, साहेब तो कॉमा काढूनच टाका ना कायमचा. मी नाही म्हणालो. आजोबांच्या कबरीवरच्या दगडात तो कोरलेला आहे. मी माझ्या सोयीसाठी कसा काढू?

निपाणीकर भाऊ, म्हणून ‘काढून टाका की’ वाचलं की मला जरा लागतं, तुमच्यावर राग नाही.

निपाणीकर_भाऊ

कॅम्पकर साहेब, नावाचं मी म्हणत नव्हतो. नाव हे नाव. माफी असावी. तुमचा कॉमा ठेवाच.

कोडवाला

कॅम्पकर काका, हे असं का होतं ते सांगतो, मी बेंगळुरात सॉफ्टवेअरमध्ये आहे, मूळ गाव येळ्ळूर. माहितीचा साठा विचारायची जी भाषा असते, एसक्यूएल, तिच्यात मजकूर कुठं सुरू होतो नि कुठं संपतो हे दाखवायला हाच सरळ कॉमा वापरतात. तुमचं नाव आलं की मशीनला वाटतं ‘डी’ला नाव संपलं, आणि पुढचं सगळं तिला हुकूम वाटायला लागतं. वाईट माणसं याच फटीतून आत शिरून माहिती चोरतात. त्यावर नीट उपाय आहेत, मजकूर आणि हुकूम वेगवेगळे पाठवायचे, किंवा नावातला कॉमा दोनदा लिहायचा म्हणजे मशीनला कळतं की हा नावातला आहे. पण काही जण सोपा रस्ता घेतात, कॉमाच बंद करतात. चूक तुमच्या नावाची नाही, फॉर्म करणाऱ्याची आहे. मी माझ्या टीमला हे उदाहरण उद्याच सांगणार आहे.

शाळेची_क्लार्क

कॉमाच्या मागं इतकं असतं हे मला गेल्या वर्षी बिलावरून कळलं. मी शाळेत पालकांना एसएमएस पाठवायचं काम करते. टीचर्स डेचा मेसेज वर्डमध्ये टाइप केला, तिथून कॉपी केला, सातशे पालकांना पाठवला. मेसेज एकाच एसएमएसमध्ये बसणारा होता, खरं बिल आलं दुप्पट. कंपनीला फोन केला तर तिथल्या मुलीनं समजावून सांगितलं, साध्या अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात. पण वर्ड तो सरळ कॉमा आपोआप वळणदार करतं, आणि वळणदार कॉमा त्या साध्या अक्षरांच्या यादीत नाही. एक जरी तसला आला तरी अख्खा मेसेज दुसऱ्या पद्धतीनं जातो आणि मग एकात ७० च बसतात. एका कॉमानं आमच्या मेसेजचे दोन झाले. तेव्हापासून मी आधी नोटपॅडमध्ये टाकते, कॉमा सरळ करते, मग पाठवते.

शहापूरचा_छापखाना

क्लार्क ताई, हे सोन्यासारखं सांगितलंत. वळणदार कॉमावरून वडिलांची आठवण आली ती लिहितोच.

वडिलांच्या वेळी खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवायचे. इंग्रजी केसमध्ये, म्हणजे खिळे ठेवायच्या ट्रेमध्ये, प्रत्येक अक्षराला खण असायचा, ई-चा सगळ्यात मोठा, आणि एका कोपऱ्यातल्या छोट्या खणात हे वरचे कॉमे. तांदळाच्या दाण्याएवढी खूण, शिशाच्या उंच खिळ्याच्या डोक्यावर. मी सुट्टीत बसायचो जुळवायला. एकदा लग्नपत्रिकेला ते कॉमे संपले. मी हुशारी केली, साधा स्वल्पविरामाचा खिळा घेतला आणि उलटा करून बसवला. उलटा केल्यावर तो वर गेला, मला वाटलं झालं काम. वडिलांनी प्रूफ काढलं, शाईचा रोलर फिरवून कागद दाबला, ओला कागद उजेडाला धरला आणि बोट ठेवलं. म्हणाले, याची शेपटी वर गेलीय बघ. अपॉस्ट्रॉफीची शेपटी खाली असते, नऊच्या आकड्यासारखी. हा सहाच्या आकड्यासारखा झाला, हे अवतरण उघडायचं चिन्ह आहे. वडिलांचं इंग्रजी सातवीपर्यंतचं. अर्थ कळत नव्हता त्यांना वाक्याचा, खरं शेपटी कळत होती. पुढच्या गल्लीतल्या छापखान्यातून सहा खिळे उसने आणले आणि पत्रिका वेळेत गेली.

आता संगणक तीच चूक करतो. शब्दाच्या सुरुवातीला कॉमा टाइप केला, उदाहरणार्थ ९० च्या दशकासाठी आधीचे दोन आकडे गाळून, तर तो सहासारखा उघडा कॉमा घालतो. तिथं नऊसारखा हवा. आमच्या डिझाइनच्या पोराला मी हे एवढं तरी शिकवलंय.

अथणीचा_पाव्हणा

तुमच्या वडिलांना माझा नमस्कार. सहा आणि नऊ मी आता विसरणार नाही.

शब्दवेडी

उशिरा आले धाग्यावर, पण यात भर घालण्याजोगं माझ्याकडं आहे. हा कॉमा आला कुठून, तर नाव ग्रीक, अर्थ साधारण ‘वळून बाजूला जाणं’, आणि इंग्रजीत तो सोळाव्या शतकात फ्रेंच छापखान्यांचं बघून आला. सुरुवातीला फक्त गळलेलं अक्षर दाखवायला. आणि ‘चा’ दाखवणारा कॉमासुद्धा मुळात गळलेलं अक्षरच आहे! जुन्या इंग्रजीत पुष्कळ शब्दांना षष्ठीचा प्रत्यय ई-एस असा होता. बोलताना ई गळला, त्याच्या जागी कॉमा आला. म्हणजे गुरुजींचे दोन प्रकार मुळात एकच आहेत.

आपल्याकडं हे चिन्ह नाही असं नाही बरं का. अवग्रह! ‘कोऽहम्’ लिहितो ना, त्यातला तो एस-सारखा दिसणारा ऽ, तो सांगतो की इथं ‘अहम्’चा अ गळलाय. ‘सोऽहम्’ तसंच. पोथीत रोज बघतो आपण. आणि बोलीत ‘केले’चं ‘केलं’ लिहितो तेव्हा वरचं टिंब काय सांगतं, इथं लेखी ‘ए’ होता. या धाग्यावर आपण सगळे तेच टिंब देत लिहितोय.

इट्सचा घोळही नवा नाही. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये आपण आज लिहितो तो बिनकॉमाचा इट्स मूळ छपाईत नव्हताच, शब्दच तेव्हा नवा होता. पुढं बराच काळ इंग्रज स्वतःच त्याला कॉमा देऊन लिहीत होते, कुंदावाली ताई. म्हणजे तुमची अडचण त्यांनाही होती.

निपाणीकर_भाऊ

मग मराठीतनं आपण न उच्चारले जाणारे अनुस्वार काढलेच की. माझ्या आजोबांच्या पत्रात नांव, कांहीं, घरें असं सगळीकडं टिंब असायचं. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले १९६२ ला, ती टिंबं गेली. भाषा काही बुडाली नाही. बर्नार्ड शॉसुद्धा डोन्टमधला, वोन्टमधला कॉमा देत नव्हता, मोठा लेखक होता. मी उगाच वाद घालत नाही, मला खरंच वाटतं की ज्या खुणेनं गरीब पोराचे मार्क जातात आणि उच्चारात काही फरक पडत नाही ती खूण ठेवायचं कारण काय? आमच्या भागातली बिडी कामगारांची पोरं इंग्रजीला आधीच घाबरलेली असतात.

गुरुजी_खानापूर

भाऊ, तुमचा मुद्दा मनापासून आहे आणि त्याला मनापासूनच उत्तर देतो. १९६२ ला टिंबं गेली ती उच्चार नसलेली. ‘मुलींचं’ मधलं टिंब गेलं नाही, कारण त्याचं काम होतं. शॉनंही तेच केलं. डोन्ट, वोन्टमधला काढला, पण ‘आय विल’चं, ‘ही विल’चं लहान रूप लिहिताना ठेवला. कारण तिथं काढला तर आयलचं ‘इल’, म्हणजे आजारी, होतं आणि हीलचं ‘हेल’, म्हणजे नरक. जिथं अर्थ बुडतो तिथं ठेवा, बाकी ठिकाणी मन मोठं ठेवा.

मार्कांचं मला मान्य आहे. निबंध सुंदर लिहिलेल्या पोराचे कॉमापायी मार्क कापणं मला कधी पटलं नाही. एका परीक्षेत माझ्याच विद्यार्थिनीचे असे दोन मार्क गेले होते, आईबरोबर बाजारात भाजी विकायला बसायचा अनुभव लिहिला होता तिनं, वाचून माझे डोळे भरले होते. तपासणाऱ्यानं फक्त कॉमे गोल केले होते. घाबरवायचं नाही, समजावायचं, एवढंच.

कॅम्पकर

+१ गुरुजी.

एक भर. आमच्या कॅम्पातल्या सेंट पॉल्स शाळेची स्थापना १८५६ ची. सेंट मेरीज, सेंट झेवियर्स या नावांतही कॉमा आहे, आणि नुसतं नाव म्हटलं तर पुढं कुणाचं ‘काय’ ते आपण बोलतच नाही. ‘पॉल्सला जातो’ म्हणजे संत पॉलच्या शाळेला. आपण ‘काकांकडं जातो’ म्हणतो, घर हा शब्द बोलत नाही, तसं.

जुना_बेळगावकर

घराच्या दारावरच्या पाटीचं पण सांगा कुणीतरी. आमच्या कॉलनीत ‘द पाटील’स’ लिहिलेल्या चार पाट्या आहेत.

शब्दवेडी

तिथं ‘पाटील मंडळी’ म्हणायचंय, पाटीलचं काही म्हणायचं नाही. नुसतं अनेकवचन. म्हणून पाटील्स, बिनकॉमाचं. एमएलएज, सीडीज, फोटोज यांनाही नको. भाजीवाला ‘टोमॅटो’स’ लिहितो त्याला इंग्लंडात चक्क भाजीवाल्यांचा अपॉस्ट्रॉफी म्हणतात. आणि विलास, सुहास, श्रीनिवास असं एसनं संपणारं एकाचं नाव असेल तर बोलताना विलासेस असं म्हणतोच, म्हणून कॉमा देऊन परत एस लिहिलेला चांगला.

मदर्स डेचं मला फार आवडतं. ज्या ॲना जार्विस बाईंनी तो अमेरिकेत सुरू केला त्यांनी कॉमा मुद्दाम एसच्या आधी ठेवायला लावला. जगातल्या आयांचा दिवस नाही, प्रत्येकानं आपल्या एका आईचा. टीचर्स डेला मात्र कॉमा नंतर, कारण शिक्षक सगळे.

टिळकवाडीची_मावशी

हे आईचं वाचून बरं वाटलं. फीचं कुणी सांगितलं नाही अजून.

शहापूरचा_छापखाना

मंडळी, शनिवारी कापायला टाकलं आणि काल पाटी लागली. ताईंना दुकानात बसवून गुरुजींचं टिंब आणि पाव्हण्यांचा र दाखवला, मोबाइलवर हा धागाच वाचायला दिला. मिस्टर म्हणाले आमचं बिनकॉमाचं पण बरोबर आहे ना, मी म्हटलं हो, तुमचंही बरोबर, ठरवा तुम्ही. दोघांनी आपसात बोलून कॉमावालं घेतलं, एसच्या नंतर. २०२४ च्या कायद्यानं पाटीत साठ टक्के जागा कन्नडला सोडायची असते, उरलेल्यात मराठी आणि इंग्रजी, त्यामुळं इंग्रजी अक्षरं तीन इंचांचीच आली. कॉमा जेमतेम पाऊण इंच. लहान तुकडा पावसात निसटून पडतो म्हणून त्याला मागून सिलिकॉन जास्त भरलंय. कॉमाचे पैसे लावले नाहीत.

वडगावला पण जाऊन आलो. टेलरकाकांना सांगितलं, काका आमची चूक झालीय, फुकट दुरुस्त करून देतो. ते म्हणाले वर्षभरात एकही बाई काही बोलली नाही, राहू दे की. मी म्हटलं मला जाता येता दिसतंय. शिडी लावली, ब्लेडनं कॉमा अलगद सोडवला आणि एसच्या पुढं नेऊन चिकटवला. जुन्या जागी कॉमाएवढा उजळ डाग राहिलाय, बाकीची पाटी उन्हानं फिकट झालीय ना. ई आणि एसमध्ये जरा फट पण दिसतेय. पावसाळ्यानंतर पूर्ण अक्षरं नव्यानं बसवून देतो म्हणालोय.

वडिलांना संध्याकाळी फोटो दाखवला. चष्मा लावून मोठा करून बघितला आणि विचारलं, शेपटी खाली आहे न्हवं?

टिळकवाडीच्या मावशी, हॉस्टेलच्या ताईंना विचारलंय. जेवण आहे, दोन वेळचं, शाकाहारी. फीचं आणि फोन नंबरचं तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.